आहार हा उपचाराचा सोबती, पर्याय नव्हे

(जव्हार-मोखाडा परिसरातील कार्यकर्ते व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



जव्हार-मोखाड्याचे नाव घेतले की उर्वरित महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर कुपोषण उभे राहते. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हापासून ही ओळख पुसलेली नाही. त्यामुळे येथे एखादे मूल अबोल राहिले, हाकेला ‘ओ’ देईना, की ‘खाणे कमी पडते’ असे निदान तत्काळ होते. आज याच निदानाविषयी बोलायचे आहे.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर स्वमग्नतेची शक्यता तपासलीच पाहिजे. तीव्र कुपोषित मूलही मलूल व अबोल असते. परंतु वजन वाढू लागले की ते सहसा हसू-खेळू लागते. स्वमग्न मुलाचे वजन वाढले तरी संवादाची अडचण कायम राहते. एकाच मुलात दोन्हीही असू शकते.

शहरातील सुशिक्षित पालकांची चूक याच्या उलट दिशेची असते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि महागडे डबे यांनी स्वमग्नता बरी होईल, अशी आशा त्यांना दाखविली जाते. स्वमग्नता बरी करणारे कोणतेही पूरक औषध आजवर सिद्ध झालेले नाही. उलट ‘ब-६’ जीवनसत्त्व दीर्घकाळ अति मात्रेत घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते.

मग आहाराला महत्त्व नाही काय? निश्चित आहे. अनेक स्वमग्न मुले ठरावीक चवीचे, ठरावीक स्पर्शाचेच अन्न खातात. त्यातून लोह व ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता उद्भवते. रक्त तपासून ती भरून काढावी, म्हणजे मूल शिकण्यास सक्षम होते. पण शिकवावे मात्र लागतेच. वर्तनोपचार म्हणजे हेच शिकवणे : मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यावर शाबासकी द्यायची. अंड्याला हातही न लावणाऱ्या मुलाने आज ते ताटात राहू दिले, उद्या स्पर्श केला, परवा कणभर चाखले, तर तो विजयच समजावा.

जमैकातील खुरटलेल्या १२९ बालकांवरील अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुले स्वमग्न नव्हती. तरीही धडा आपल्या उपयोगाचा आहे. काहींना पूरक दूध-आहार दिला, काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर खेळ घेतले, तर काहींना दोन्ही दिले. दोन्ही मिळालेल्या मुलांची प्रगती सर्वाधिक झाली. तरुणपणीही टिकून राहिला तो मात्र खेळाचा लाभ.

आपल्याला हे नवे वाटू नये. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातच, अंगणवाडीचा विचार रुजविला. बालकाच्या अंगणात जाऊन शिकवायचे, हा त्याचा गाभा होता. आज अमृत आहार योजनेमुळे अंगणवाडीत अंडी-केळी पोहोचतात. त्यांच्यासोबत हा गाभाही पोहोचला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी तीन कामे करावीत. वजनाच्या नोंदीबरोबर मूल हाकेला वळते का, हे पाहावे. शंका आल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. आणि दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाण्यापूर्वी आईला चार सोपे खेळ शिकवावेत. उपचार केंद्र स्थलांतर करीत नाही; आई मात्र सतत मुलासोबत असते.

पोट भरणे ही सुरुवात आहे. मुलाने आपल्याकडे पाहून भाकरी मागावी, यासाठी कष्ट घेणे हे त्यापुढचे कर्तव्य आहे.