चार कारकून, एक खातेवही

श्रोतेहो, जुन्या पेढीवरील देखावा डोळ्यांपुढे आणा. मूळ खातेवही आतल्या खोलीत, बाहेर चार कारकून. आतली खेप वाचावी म्हणून जो तो लागणारी पाने उतरवून जवळ ठेवतो. एकाने एखाद्या कुळाची बाकी बदलली आणि इतरांस ते कळले नाही, तर फेडलेल्या रकमेची पुन्हा मागणी व्हावयाची!

आजच्या संगणकात हीच अडचण आहे. २००१ साली आयबीएमने ‘पॉवर-फोर’ हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर आणला. पुढे एकाच चिपवर अनेक गाभे बसविण्याची रीत पडली. मुख्य स्मृती दूर, म्हणून प्रत्येक गाभ्यापाशी लहानशी शीघ्र स्मृती असते. तिला ‘कॅश’ म्हणतात. तेथील प्रती परस्परांशी जुळत्या राहणे, हीच सुसंगती.

१९८४ साली इलिनॉय विद्यापीठात मार्क पापामार्कोस व जनक पटेल यांनी प्रत्येक प्रतीच्या चार अवस्था कल्पिल्या: बदललेली, एकट्याची, सामायिक आणि रद्द. कागदावर हे सोपे दिसते. परंतु एक निरोप वाटेत असतानाच दुसरा येऊन थडकतो. मग अधल्यामधल्या अवस्था वाढत जातात आणि त्यांच्या साऱ्या जुळण्या तपासणे तज्ज्ञांसही जड जाते. एखादी चूक राहिलीच, तर यंत्र कुरकुरत नाही; बिनबोभाट चुकीचे उत्तर देते. भय आहे ते याचेच.

मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या सरिता अडवे व त्यांचे सहकारी यांनी त्याच विद्यापीठातून २०११ साली ‘डीनोव्हो’ ही पद्धत मांडली. एकजण पान बदलीत असता दुसऱ्याने त्यास हात लावू नये, ही शिस्त आज्ञावलीनेच पाळली तर? मग प्रत्येक फेरफाराची दवंडी पिटावी लागत नाही. कामाचा टप्पा संपला की शिळी झाली असतील अशी पाने जो तो आपणच टाकून देतो. ताजे पान कोणापाशी, एवढीच नोंद पुरते. अवस्था तीनच: रद्द, ग्राह्य आणि नोंदलेली. अधल्यामधल्या अवस्थांना तेथे थाराच नाही.

अर्थात यालाही मोल आहे. जुन्या आज्ञावल्या अशा शिस्तीने लिहिलेल्या नाहीत. म्हणून बाजारातील प्रोसेसर आजही बहुधा जुन्याच घराण्यातील नियम पाळतात. यंत्राचा भार हलका करावयाचा, तर लिहिणाऱ्याने तो काही अंशी उचलला पाहिजे. कारकून शिस्तीचे असले, म्हणजे मुनिमाला ओरडावे लागत नाही, हे आपल्या पेढ्यांना ठाऊकच होते.