वकिलाची फी कोण भरतं?

समजा, मंठ्याच्या एखाद्या ताईला नवऱ्याकडून पोटगी हवीय, पण वकील लावायला पैसे नाहीत. मग काय?

आधी अमेरिकेत काय करतात ते बघू. तिथे फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. घरभाडं, घटस्फोट अशा दिवाणी केसमध्ये तसा सरसकट हक्क नाही. म्हणून एक मार्ग काढला. अशिलांचे पैसे काही दिवस वकिलाकडे असतात. एकेकाची रक्कम इतकी छोटी, की तिचं वेगळं व्याज काढणं परवडत नाही. मग असे सगळे पैसे एका खात्यात ठेवायचे आणि व्याज गरिबांच्या केसेसना द्यायचं. फ्लोरिडात १९८१ मध्ये हे सुरू झालं. आयडिया भारीच! पण २००८ च्या मंदीत व्याजदर पडले आणि ऐन गरजेच्या वेळी निधी आटला.

आपल्याकडे ही योजना नाही. आपल्याकडे कायदा आहे: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७. दिवाणी केसलाही लागू. पैसा मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारच्या अनुदानातून येतो, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. जिल्ह्याच्या निधीत देणगी आणि कोर्टाच्या आदेशाने आलेली रक्कमही जमा होऊ शकते.

आता नीट ऐका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अटच नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये. ऊसतोडीला जाणारी आपली कितीतरी कुटुंबं त्यात बसतात.

करायचं काय? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जालन्याला जिल्हा प्राधिकरण. तिथे अर्ज द्यायचा. उत्पन्नासाठी शपथपत्र चालतं. फोन करायचा तर १५१००.

आणि हो, "फुकटचा वकील काय लढणार?" असं लोक म्हणतात. अहो, तो फुकट लढत नाही, त्याची फी प्राधिकरण देतं. त्याने वर पैसे मागितले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा. ती फी वाढावी, वेळेवर मिळावी, हेही आपणच मागायला हवं. नाहीतर चांगले वकील या कामाला येणार कसे?

या कामासाठी पैसे आपण आधीच भरलेत. मागायला लाज कसली? हा भाग गावाकडच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!