ऐच्छिक

(चंद्रपूर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला भाषण जमत नाही. मी कॉलेजच्या खिडकीतला माणूस, कारकून. कोणतं कॉलेज ते सांगणार नाही, नोकरीची अजून काही वर्षं बाकी आहेत. तुम्ही मुंबई-पुणे-नागपूरची शिकलेली पोरं, पुस्तकं वाचता, ठराव लिहिता. मी खिडकीच्या आतून जे दिसतं तेवढंच बोलतो.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक नोटीस मीच टाइप करतो. प्रथम वर्षात प्रवेश घेतलेल्यांसाठी तीन दिवसांचे पूर्वपरिचय शिबिर. खाली एक ओळ: उपस्थिती ऐच्छिक. ही नोटीस फळ्यावर लागते, मोबाईलच्या गटावर जाते. ज्या पोट्ट्याच्या गावात टॉवर नाही त्याला ती शिबिर उठल्यावर पोचते. ज्याला वेळेत पोचते तो बांधीत वाकलेला असतो, गुडघाभर चिखलात. कारण जुलै म्हणजे रोवणा. झाडीपट्टीत, ब्रह्मपुरी-सिंदेवाही-मूल घ्या की वैनगंगेपलीकडचं आरमोरी-कुरखेडा घ्या, जुलैमध्ये घरात हात मोजतात, तोंडं नाही. पऱ्हे तयार झाले की ते थांबत नाहीत, पाऊस थांबत नाही, नि मजुरी तेवढेच दिवस. पोरगं म्हणतं, माय, कॉलेजात तीन दिवस बोलावलं. माय विचारते, गेलंच पाहिजे का? पोरगं खरं बोलतं. म्हणतं, नाही, ऐच्छिक आहे. माय म्हणते, मंग रोवणा आटपल्यावर जाय.

त्या माउलीची काही चूक नाही. तिनं ऐच्छिकचा जो अर्थ लावला तोच बरोबर आहे. ज्याच्याजवळ इच्छा करायला तीन दिवस मोकळे आहेत, त्याच्यासाठी.

मग शिबिराच्या हजेरीचा कागद माझ्याकडे येतो. प्रवेशयादी बाजूला ठेवून मी एकदा सहज ताडून पाहिलं. शहरातली पोरं होती, मास्तरांची, बाबूंची, दुकानदारांची. ज्यांना लायब्ररी म्हणजे काय ते घरूनच ठाऊक, त्यांना लायब्ररी दाखवली गेली. भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा, इकडे जिवती, या तालुक्यांची नावं शोधायला बोट फिरवावं लागलं. नि मीटिंगमध्ये एक सर सहज बोलून गेले, या पोरांना इंटरेस्टच नसतो हो. मी पाण्याचे ग्लास ठेवत होतो. बोललो नाही. ते न बोललेलं आज इथे बोलतोय.

१९९४ साली मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यातून नागपूरला शिकायला गेलो. लोखंडी पेटी, तिच्यात दोन कपडे, एक गोधडी, मायनं दिलेले पोहे. सोबत गावचाच एक गोंड दोस्त. बारावीत गणितात तो माझ्यापुढे. त्याला बी.एस्सी. करायचं होतं. पहिल्या आठवड्यात तासाला तो उभा राहिला नि म्हणाला, सर, मले समजलं नाही. ‘मले’वर अख्खा वर्ग हसला. सरही हसले, वाईट हेतूनं नसेल, पण हसले. दुसरी गोष्ट, वसतिगृहाचा अर्ज वेगळा भरायचा असतो, शिष्यवृत्तीचा वेगळा, नि दोन्हींच्या तारखा वेगळ्या, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याला वाटलं, कॉलेजात नाव लागलं म्हणजे सगळं लागलं. एकोणिसाव्या दिवशी तो पेटी घेऊन परत गेला. आज तेंदूच्या फळीवर मुन्शी आहे. मे महिन्यात उन्हात बसून सत्तर पानांचा एक पुडा, असे हजारो पुडे मोजतो, हिशोबात एक पुडा इकडचा तिकडे होत नाही. गणित वाया गेलं नाही म्हणायचं!

मी टिकलो, तो हुशारीनं नाही. वसतिगृहाच्या दारात मला आपला एक सीनियर भेटला. पेटी उचलली, खोलीत नेलं, चटईवर जागा दिली. रात्री मेसमध्ये बसवून त्यानं मला सगळं सांगितलं. उत्पन्नाचा दाखला कुठं, कोणत्या बाबूकडे सकाळी जायचं, कोणाकडे दुपारी. कोणता मास्तर जात विचारतो नि कसं विचारतो: आडनाव काय, गाव कोणतं, मग गावात कोणत्या बाजूला. घरची आठवण आली तर रविवारी कुठं जायचं. पुस्तकं कोणाची मागायची. माझा पूर्वपरिचय कार्यक्रम तो. फी नाही, नोटीस नाही, प्रमाणपत्र नाही. माझा दोस्त भाड्याच्या खोलीत उतरला होता, त्याला तो सीनियर भेटला नाही. आमच्या दोघांत फरक तेवढाच.

आता सरकारनं हे सगळं कागदावर आणलंय. तंत्रशिक्षण परिषदेनं २०१७ पासून इंजिनिअरिंगच्या नव्या पोरांसाठी तीन आठवड्यांचा कार्यक्रम सांगितला. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये सगळ्या कॉलेजांसाठी पुस्तिका काढली. नाव काय दिलं? दीक्षारंभ. चांद्याच्या माणसापुढे दीक्षा हा शब्द जपून वापरायला पाहिजे होता! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, नि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब इथे आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचं हे गाव. जंगलातून, खाणीच्या वस्त्यांतून, नदीपलीकडून माणसं पायी, बैलबंडीनं आली. अंगठे उठवणारी माणसं. त्यांना बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. काय सोडायचं, काय धरायचं, कोणापुढे वाकायचं नाही, एकेक करून, सोप्या शब्दांत. नव्या जगात पाय ठेवण्याआधीचा परिचय असा असतो. आता ही पुस्तिका उघडा: मानवी मूल्यं, खेळ, कला, मान्यवरांची व्याख्यानं, परिसरभेट. वाईट यातलं काहीच नाही. पण पोरगं जातपडताळणीच्या रांगेत उभं आहे, १९५० पूर्वीचा पुरावा आण म्हणून तिसऱ्यांदा परत पाठवलेलं, आणि तुम्ही त्याला आनंदी कसं राहावं ते शिकवता. परिसरभेटीचं तर विचारूच नका. ज्याच्या परिसराला तुम्ही भेट देणार, तो तुमच्या परिसरात येऊन घाबरलाय!

जरा लांब जाऊ. अमेरिकेत या प्रकाराला जुनी परंपरा आहे. डार्टमथ कॉलेजात १९३५ पासून नव्या पोरांना वर्ग सुरू व्हायच्या आधी डोंगरात, जंगलात नेतात. तंबू ठोका, चूल पेटवा, ओळखी करा. हार्वर्डमध्येही अशी ऐच्छिक शिबिरं. एक जंगलात भटकायचं, एक कलेचं, एक शहरात सेवा करायचं. नि आणखी एक होतं, कित्येक वर्षं चाललेलं. त्यात नवी पोरं वर्ग सुरू व्हायच्या आधी येऊन होस्टेलच्या खोल्या झाडत, न्हाणीघर-संडास धूत. या एकात पैसे मिळत. बाकीच्यांत मिळत नसत. आता सांगा, कोणतं पोरगं कुठं गेलं असेल? फॉर्मवर चारही समोर ‘ऐच्छिक’ असं लिहिलेलं. कुणी जबरदस्ती केली नाही. बापाच्या खिशानं खूण केली तिथे पोरानं सही केली. अँथनी अब्राहम जॅक नावाचा काळा समाजशास्त्रज्ञ, स्वतः गरीब घरातून वर आलेला, त्यानं २०१९ साली ‘द प्रिव्हिलेज्ड पुअर’ या पुस्तकात अशा पोरांबद्दल लिहिलंय. विद्यापीठाचं खरं नाव त्यानं दिलेलं नाही. सोबत शिकणाऱ्यांचे संडास धुणारी पोरं त्यात भेटतात. कॉलेजातली पहिली ओळख काय झाली? एकाच्या हातात झाडू, दुसऱ्याच्या पाठीवर सहलीची पिशवी. आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. चार वर्ण आपोआप पाडायचे असतील तर मनुस्मृती कशाला पाहिजे, एक ऐच्छिक फॉर्म पुरतो.

पण पुढचं ऐका. तिथल्या गरीब घरच्या, पहिल्या पिढीच्या पोरांनी मागणी लावून धरली, नि २०१८ मध्ये हार्वर्डला त्यांच्यासाठी वेगळं शिबिर सुरू करावं लागलं. मागितल्याशिवाय तिथेही मिळालं नाही.

नि गंमत बघा. पैसेवाल्यांची पोरं कॉलेजात जाण्याआधी जंगलात जाऊन माणूस बनतात. आपल्याकडेही शोधग्रामला २००६ पासून ‘निर्माण’ची शिबिरं होतात, महाराष्ट्रभरातले शिकलेले तरुण आयुष्याला अर्थ शोधायला गडचिरोलीच्या जंगलात येतात. येवोत, चांगलं काम आहे. पण ज्याचं जंगल आहे, तो जंगलातून निघून कॉलेजात येतो तेव्हा त्याला दारात कोण भेटतं? गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरात जवळपास ३९ माणसं आदिवासी, ११ अनुसूचित जातीची. निम्मा जिल्हा आपला. २०११ मध्येच दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं. नाव गोंडवाना, आणि पोराला बोलता येते ती माडिया नि गोंडी, खिडकीवर चालते ती छापील मराठी नि इंग्रजी फॉर्म. एटापल्ली तालुक्यातल्या एका माडिया पोरीनं मला खिडकीशी येऊन हळूच विचारलं होतं, हजेरीला काय म्हणायचं असतं? प्रेझेंट म्हणायचं की येस सर? तीन आठवडे ती हजर होती नि गैरहजर लागत होती, कारण तोंडातून शब्द निघत नव्हता. तिला कोणतं मानवी मूल्य शिकवणार तुम्ही?

बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, नि १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडलं. सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, मिलिंद १९५० चं. वर्ग नंतर, अंथरूण आधी. स्वतः १९१३ मध्ये कोलंबियाला गेले तेव्हा लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाचा पारशी मित्र भेटला, तो आयुष्यभराचा झाला. परक्या जागी एक माणूस आपला असला की बाकीचं जमतं. तो नसला की काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०१६ मध्ये रोहित वेमुला. २०१९ मध्ये पायल तडवी, जळगावकडची आदिवासी डॉक्टर पोरगी, मुंबईत. त्याआधीच, २०१२ मध्ये आयोगानं नियम केले होते की प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष पाहिजे, भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी पाहिजे. त्यांची अंमलबजावणी करा म्हणून २०१९ मध्ये या दोघांच्या आयांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ज्या शिबिरात त्या अधिकाऱ्याचं नाव नि खोली नंबर सांगत नाहीत, त्या शिबिराला मी तरी सहल म्हणतो.

मग आपण काय करायचं? यवतमाळकडून राजू केंद्रे यांच्या ‘एकलव्य’नं २०१७ पासून पहिल्या पिढीच्या पोरांना निवासी कार्यशाळा घेऊन मोठ्या विद्यापीठांच्या दारापर्यंत नेलं. ते रास्तच आहे. पण माझी काळजी त्या पोराची आहे जो मोठ्या विद्यापीठात जाणारच नाही, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला बसेल नि दिवाळीनंतर दिसणार नाही.

मागची दोन वर्षं आम्ही चार-पाच जणांनी आपल्यापुरतं करून पाहिलं. पहिल्या वर्षी फसलो. जूनमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवस ठेवला, बॅनर लावला, अर्धा वेळ आम्हीच भाषणं केली. कोण येणार? भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, एसटीत दिवस जातो. दुसऱ्या वर्षी डोकं ठिकाणावर आलं. आम्हीच गेलो. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराजवळच्या समाजमंदिरात बसलो, कारण बाजारात घरातलं कुणीतरी येतंच. मायबापही आले, आणि खरे प्रश्न त्यांनीच विचारले. पोरीला रात्री बाहेर सोडतात का? खायला काय देतात? पैसे केव्हा येतात, आधी की मागून? आम्ही खरं सांगितलं की मागून येतात, कधी कधी फार मागून, म्हणून तेंदूच्या पैशातले चार महिन्यांपुरते बाजूला ठेवा. स्वाधार आणि स्वयं या योजना, वसतिगृह मिळालं नाही तर त्यांचा अर्ज कसा करायचा, एकेकाचा फॉर्म समोर बसून भरला. बोलणं मराठीत अडलं तिथे दुसऱ्या वर्षाची एक माडिया पोरगी उभी राहिली नि तिच्या भाषेत सांगत सुटली. आम्ही गप्प बसलो. तेवढं एक त्या दिवशी आम्ही बरोबर केलं.

नि हो, हजेरीचा सराव घेतला. सगळ्यांना उभं करून नाव घेतलं, मोठ्यानं ‘हजर’ म्हणायला लावलं. पोरं आधी लाजली, मग ओरडायला लागली, बाजारातली माणसं बघायला आली.

कॉलेजांकडे मागायचं तेही सांगतो. शिबिर रोवण्याच्या आधी घ्या. तालुक्याला घ्या. आणि येणाऱ्याला त्या दिवसांची मजुरी द्या, रोवण्याच्या दरानं. यावर एक साहेब मला म्हणाले, शिकायला यायचे पैसे द्यायचे? मी म्हटलं, साहेब, तुम्ही ट्रेनिंगला जाता तेव्हा भत्ता उचलता की नाही? ते हसले. निवेदन अजून टेबलावर आहे, आपल्याला त्यावर सह्या पाहिजेत.

बारावीचा निकाल अलीकडे मेमध्ये लागतो. तेव्हा घरदार तेंदूत असतं, पहाटे जंगलात, दुपारनंतर फळीवर. म्हणून आपल्याला फळीवर जावं लागेल, संध्याकाळी, पुडे मोजून झाल्यावर. माझा तो दोस्त म्हणालाय, माझ्या फळीवर या, मी माणसं थांबवून धरतो. कोणाच्या घरी बारावीचं पोरगं आहे ते त्याला तोंडपाठ आहे. शहरातून येणाऱ्यांनी किमान आठ दिवस काढावे, एक दिवसाचे पाहुणे नकोत. शाईचा पॅड, पासपोर्ट फोटो चिकटवायला गोंद, कोरे अर्ज, नि मच्छरदाणी सोबत आणा. वही मागच्या बाकावर ठेवली आहे, नाव आणि तालुका लिहा. माडिया, गोंडी किंवा तेलुगू येत असेल तर नावापुढे खूण करा. सिरोंच्याला तेलुगूवाला अजून एकही मिळालेला नाही.