गाडीचा विमा : डिकीतला कागद वाचूया
(श्रीगोंदा येथील सभेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



श्रीगोंदा ही संत शेख महंमद महाराजांची भूमी. धर्मातला अवघड विचार त्यांनी इथल्या माणसाच्या मराठीत मांडला. आपल्या गाडीच्या विम्याचा कागद मात्र बहुधा इंग्रजीत असतो, बारीक अक्षरात असतो, आणि पोलिसांनी मागितला तर दाखवायचा एवढ्यासाठी डिकीत पडून असतो. आज तो वाचूया.

आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, विमा जायज आहे का? त्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या वादात मी शिरत नाही. पण थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे सक्तीचा आहे. तो आपल्या गाडीसाठी नाही, आपल्या गाडीखाली सापडणाऱ्या माणसासाठी आहे. इस्लामी कायद्यात चुकून जीव गेला तर दियत द्यावी लागते आणि तो बोजा आकिला, म्हणजे भाऊबंद, मिळून उचलतात. मयताच्या घराला भरपाई मिळालीच पाहिजे, हा विचार आपल्याला परका नाही. हा हुकूकुल इबादचा प्रश्न आहे.

आता कागद. आधी पॉलिसीचा प्रकार पाहा. 'लायबिलिटी ओन्ली' असेल तर आपल्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. एवढे बहुतेकांना माहीत असते. पण खाजगी कारमध्ये बसलेल्या पाहुण्यांची जोखीमही त्यात धरलेली नसते. 'पॅकेज' पॉलिसीत ती असते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बालकृष्णन खटल्यात हा फरक स्पष्ट केला. घरची मंडळी गाडीत घालून आपण लग्नाला, उरुसाला जातो, तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

दुसरी ओळ मालक-चालकाच्या 15 लाखांच्या अपघात विम्याची. गाडी अब्बांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असे घरोघरी आहे. हे संरक्षण नोंदणीकृत मालक स्वतः, वैध लायसन्ससह चालवत असेल तेव्हाचे आहे. चालवणाऱ्या मुलासाठी वेगळे अपघात संरक्षण जोडून घ्यावे लागते.

तिसरी ओळ वापराच्या मर्यादेची. खाजगी म्हणून नोंदलेली कार भाड्याने फिरवली, तर अपघातानंतर कंपनी दावा नाकारू शकते. चार पैसे मिळतात म्हणून गाडी देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट लायसन्स. चालकाकडे वैध लायसन्स नसेल, तर न्यायालये अनेकदा कंपनीला जखमीची भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. 2004 च्या स्वर्णसिंग निकालाने ही वाट पक्की केली. जखमीला न्याय मिळतो, पण वसुली तुमच्या घरावर, शेतावर येऊ शकते. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात ठरावीक कमाल आकडा नसतो, हेही ध्यानात घ्या.

पाचवी गोष्ट नाव. गाडी विकली, पैसे घेतले, कागद तसेच ठेवले, असे करू नका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार खटल्यात सांगितले की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक. पुढच्याने विमा भरला नाही आणि अपघात झाला, तर भरपाई तुमच्याकडून मागितली जाईल. गाडी घेणाऱ्याने 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवावे. नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही; तो विकणाऱ्याकडेच राहतो. विमा संपून 90 दिवस उलटले की तोही जातो.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. नकार लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. मुदत साधारण एक वर्षाची असते, म्हणून उशीर करू नका.

मोहल्ल्यात इंग्रजी वाचणारी मुले-मुली आता पुष्कळ आहेत. जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास त्यांनी बसावे आणि ज्याला हवे त्याला त्याची पॉलिसी मराठीत किंवा उर्दूत वाचून दाखवावी. या शुक्रवारपासूनच सुरुवात करूया.