पाण्याखालचा वारसा आणि काठावरची माणसे

(वाराणसी येथील मुन्शी घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपण बसलो आहोत तो घाट श्रीधर नारायण मुन्शी या दिवाणांच्या नावाने ओळखला जातो. नदीकडे तोंड करून बसले की डाव्या हाताला अहिल्याबाई घाट आणि उजव्या हाताला दरभंगा घाट आहे. आज सकाळी आपण येथूनच नावेने मणिकर्णिकेच्या पुढे गेलो. शिंदे घाटालगतचे कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आपण पाहिले. पावसाळ्यात या मंदिराचा गाभारा पाण्याखाली जातो. एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंदे यांनी बांधलेला घाटही आपल्याच भाराने खचला आणि पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली.

ज्या पाण्यातून आपली नाव गेली, ते पाणी एकेकाळी अभयारण्य होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे गंगेचे सुमारे ७ किलोमीटरचे पात्र १९८९ साली कासवांसाठी राखीव करण्यात आले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या गंगा कृती योजनेचा तो एक भाग होता. अर्धवट जळालेले मृतदेह व अन्य सेंद्रिय घाण खाऊन कासवांनी पाणी स्वच्छ ठेवावे, अशी कल्पना होती. सारनाथ येथील केंद्रात अंडी उबवून वाढविलेली कासवे येथे सोडली जात. २०२० साली या पट्ट्याचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या जिल्ह्यांतील गंगेचा पट्टा त्याऐवजी राखीव झाला.

दर्जा का टिकला नाही?

वाळूउपशावरील बंदीमुळे पूर्व काठावर वाळू साचते आणि प्रवाहाचा जोर घाटांच्या पायावर येतो, असा एक आक्षेप होता. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ वरील वाहतुकीला अडथळा होतो, असा दुसरा. पर्यावरण अभ्यासकांनी या निर्णयास विरोधही केला. या वादाचा निवाडा करणे हा आजचा विषय नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वेगळाच प्रश्न पडतो. दर्जा काढून घेतला गेला तेव्हा काठावरच्या किती माणसांना आपले काही गेले असे वाटले असेल?

संरक्षणाचा लाभ सर्वांना थोडा थोडा मिळतो. त्याची किंमत मात्र मोजक्या कुटुंबांना मोजावी लागते. काशीत ती निषाद समाजातील नावाडी, मासेमार आणि वाळूवर मजुरी करणाऱ्यांनी मोजली. नावाड्याचे उत्पन्न घाट आणि मंदिरे दाखवून येत होते. कासवांमुळे त्याच्या पदरात काय पडत होते, हे सांगणे कठीण आहे. ज्यांचा रोजचा संबंध त्या पाण्याशी होता, त्यांच्या जमाखर्चात अभयारण्य केवळ खर्चाच्या बाजूला राहिले, असे माझे मत आहे.

बाया येथील व्यवस्था

निसर्ग आणि बुडालेल्या वास्तू यांचे संरक्षण एकत्रितपणे कसे करता येते, याचे एक उदाहरण इटलीत आहे. नेपल्सजवळच्या बाया येथे रोमन श्रीमंतांची निवासस्थाने होती. ज्वालामुखीय हालचालींमुळे तेथील जमीन हळूहळू खचली आणि ती वस्ती समुद्रात गेली. २००२ साली हा भाग संरक्षित सागरी उद्यान झाला. त्याचे तीन विभाग असून प्रत्येकाचे निर्बंध निरनिराळे आहेत. अधिकृत पाणबुडी केंद्रांमार्फत किंवा काचेच्या तळाच्या बोटीतून पर्यटक फरसबंदीवरील नक्षी पाहतात. मूळ पुतळे काठावरील किल्ल्यातील संग्रहालयात ठेवले असून पाण्यात त्यांच्या प्रतिकृती आहेत. येथे मासा आणि भिंत यांची देखरेख एकाच चौकटीत होते आणि मार्गदर्शनाचा व्यवसाय परवान्याने चालतो. परवाना ज्याच्या हाती असतो, त्याची मिळकतही त्या अवशेषांच्या सुस्थितीवर अवलंबून राहते.

आपल्या कोकणात

आता आपल्या घराकडे वळू. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून गाभाक्षेत्र ३ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी पाया घातलेला सिंधुदुर्ग याच गाभाक्षेत्रात येतो. उत्तरेकडे विजयदुर्गाजवळ समुद्राखाली दगडी भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे.

येथे दोन अडचणी दिसतात. पहिली कायद्याची. जीवसृष्टीला १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा लागू होतो, तर वास्तूंना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा. खाते वेगळे, नकाशा वेगळा. त्यामुळे प्रवाळ आणि तटबंदी एकाच पाण्यात असूनही त्यांचा विचार एकत्र होत नाही. दुसरी अडचण विश्वासाची. अभयारण्याच्या घोषणेपासूनच मच्छीमारांचा त्यास विरोध राहिला, कारण मासेमारीचे हक्क जातील ही त्यांची भीती होती. ती भीती अज्ञानातून आलेली नव्हती. काशीतील कुटुंबांचा अनुभव त्याहून फारसा निराळा नाही.

पुढे तारकर्ली व मालवण येथे समुद्रतळ दाखविण्याचा व्यवसाय वाढला आणि काही मच्छीमार तरुण त्यात उतरले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर महिला बचतगटाने कांदळवनाची नौकासफर सुरू केली. वल्हे स्त्रियांच्या हाती आहे आणि भाडेही त्यांच्याच गटाला मिळते. कांदळवन तोडले तर आपलीच आवक बुडेल, हे तेथे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र सावधगिरीही हवी. पर्यटक वाढले की प्रवाळावर पाय पडतात, नांगर पडतात. मोठे भांडवल आले की लहान होडीवाला मजूर बनतो. म्हणून तीन गोष्टी सुचवितो. एक, पाण्याखालील निसर्ग आणि वास्तू यांचा आराखडा एकच असावा आणि तो स्थानिक भाषेत गावापुढे मांडला जावा. दोन, पर्यटन परवान्यांत त्या किनाऱ्यावरील मच्छीमार व नावाडी कुटुंबांना प्राधान्य असावे, आणि पर्यटकांच्या संख्येला मर्यादा असावी. तीन, प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा ग्रामसभेच्या हिशेबात जमा व्हावा व तो हिशेब दरवर्षी वाचून दाखविला जावा.

मित्रहो, उद्या सकाळी आपण परतीला लागाल. तत्पूर्वी या घाटावरील एखाद्या नावाड्याशी सवडीने बोला. वर्षातून किती दिवस नाव चालते, पुराच्या काळात घर कशावर चालते, नदीतले काय उरावे असे त्याला वाटते, हे विचारा आणि लिहून घ्या. मालवणला गेलात तर हेच प्रश्न तेथील होडीवाल्यालाही विचारा. संरक्षणाची पुढची अधिसूचना निघण्याआधी ही उत्तरे आपल्या हाती असतील, तर ती अधिसूचना ३१ वर्षांहून अधिक काळ टिकण्याची शक्यता नक्कीच वाढेल.