गाडीच्या पोटातलं तेल

आज तेलाबद्दल बोलायचंय. खोबरेल नाही, फोडणीचंही नाही. मोटरसायकलच्या इंजिनात पडतं ते. हा विषय पुरुषांचा म्हणून रेडिओचा आवाज कमी करू नका. आपल्या गटांतून कर्ज निघतं त्यात जुनी मोटरसायकल घ्यायला किती निघतं, ते तुमच्या वहीत बघा. कुणाचे मासे दिघीहून येतात, कुणाची सुपारी श्रीवर्धनला जाते, कुणाचा मुलगा म्हसळ्याला कॉलेजला जातो. हप्ता आपण भरतो. आणि ऑइल कोणतं टाकायचं ते मात्र दुकानातला पोरगा हाताला लागेल तो डबा देऊन ठरवतो.

मी बोर्लीच्या बाजारात माझ्या दिरांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावर बसते. पण मी शहाणी झाले ती गल्ल्यावर नाही, स्वतःच्या चुकीने. तेव्हा आमचे हे भरडखोलहून मासे घेऊन म्हसळ्याच्या बाजारात जायचे. ऑइल बदलायची वेळ आली होती आणि हातात पैसे नव्हते. शेजारच्या भावोजींकडे त्यांच्या मोटारीचं अर्धं कॅन उरलं होतं, चांगल्या कंपनीचं, महागातलं. मीच म्हटलं, मोटारीला चालतं ते आपल्या गाडीला का नाही चालणार? टाकलं. आठवडाभर काही नाही. मग एका पहाटे दोन क्रेट मासे बांधून हे चढाला लागले, तर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही. दोन तास रस्त्यावर. बर्फ वितळला, मासे गेले, वर क्लच प्लेटा बदलाव्या लागल्या. तीनशे-चारशे रुपये वाचवायला गेले आणि त्या महिन्याचा गटाचा हप्ता चुकला. गटात मान खाली घालून बसले होते, अजून आठवतं.

आता असं का झालं ते सांगते. मोटारीत क्लच वेगळा, कोरडा असतो. आपल्या मोटरसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायची द्रव्यं घातलेली असतात, म्हणजे पेट्रोल कमी लागावं. मोटारीला ती बरी. पण क्लचचं कामच मुळी घर्षणावर चालतं. प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा चाक फिरतं. त्या बुळबुळीत झाल्या की पाटीखाली ओली चुंबळ घेतल्यासारखं होतं, कितीही धरा, सरकणारच.

म्हणून डबा हातात घेतला की मागची बाजू आधी बघा. तिथे जासो असं लिहिलेलं असतं, इंग्रजी जे, ए, एस, ओ. हे जपानातल्या मोटार उद्योगाचं मानक. १९९८ पासून दुचाकीच्या तेलाला ते लागू आहे. त्यापुढे एमए, एमए१ किंवा एमए२ असेल तर ते तेलात बुडालेल्या क्लचच्या गाडीचं, म्हणजे आपल्या मोटरसायकलचं. एमबी असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं. स्कूटरचा क्लच तेलात नसतो. घरात मोटरसायकल आणि स्कूटर दोन्ही असतील तर एकच मोठा कॅन आणून दोघींना वाटून घालू नका. अगदीच वेळ आली तर एमएचं तेल स्कूटरला चालून जाईल, पण एमबीचं तेल मोटरसायकलला नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनात तेल किती पातळ राहतं ते सांगतो, नंतरचा आकडा शंभर अंशांना तापल्यावर ते किती दाट उरतं ते सांगतो. पुष्कळ लोक म्हणतात, आपल्याकडे उकाडा आहे, दाट तेल घाला, इंजिन टिकेल. माझे दीरही पूर्वी हेच सांगायचे. पण कंपनीने ज्या गाडीत १०डब्ल्यू-३० सांगितलंय तिची आतली फट त्याच तेलाच्या हिशेबाने बनवलेली असते. तिथे २०डब्ल्यू-५० घातलं तर पहाटे गाडी सुरू केल्यावर तेल वर पोचायला वेळ लागतो, आणि इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती नेमकी तेव्हाच. वर अ‍ॅव्हरेजही पडतं. उलट, बजाजच्या पल्सरसारख्या कितीतरी गाड्यांना कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगते, नव्या बुलेटला १५डब्ल्यू-५०, आणि स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०. शेजारणीच्या गाडीत काय पडतं ते विचारू नका, आपल्या गाडीचं पुस्तक उघडा. जुन्या गाडीबरोबर पुस्तक मिळत नाही, ठाऊक आहे मला. तर शोरूममध्ये गाडीचं मॉडेल आणि साल सांगून विचारा आणि तो आकडा गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

तिसरं एक अक्षरांचं आहे, एसजे, एसएल, एसएन असं. यात पुढचं अक्षर तेवढं तेल नव्या दर्जाचं. पुस्तकात एसएल असेल तर एसएन चालतं, मागे मात्र जाऊ नका. आणि ते एसने सुरू व्हायला हवं. फक्त सीने सुरू होणारं तेल डिझेल गाड्यांचं असतं, टेम्पोवाल्याकडून उरलेलं आणू नका.

सिंथेटिक महाग तेल घ्यावं का, असं बायका विचारतात. शंभर सीसीच्या गाडीवर साधी ये-जा असेल तर योग्य आकड्याचं साधं तेल वेळेवर बदललेलं पुरे. महागाचं घालून वर्षभर तसंच ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आपल्या बहुतेक गाड्या हवेवर गार होतात. इंजिनाला आडव्या पट्ट्या असतात ना, गॅरेजवाले त्यांना फिन म्हणतात, त्यांच्यातून वारा जातो आणि उष्णता नेतो. मोटारीसारखं पाणी फिरत नाही. वारा लागला नाही तर सगळा भार तेलावर येतो. भरलेल्या गाडीवर चढ चढताना वेग कमी, इंजिन जोरात, म्हणजे वारा कमी आणि ताप जास्त. दिघीच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत इंजिन चालू ठेवून उभं राहणंही तसलंच, बंद करून ठेवा. पावसात तांबडी माती त्या फिनांत बसून वाळते, तिचं पांघरूण होतं. गाडी धुताना जुन्या टूथब्रशने ती काढा, पण इंजिन गरम असताना गार पाणी मारू नका. आणि पायांवर चिखल उडू नये म्हणून इंजिनासमोर प्लॅस्टिक बांधतात काही जण, ते मला अजिबात पसंत नाही.

तेलाची पातळी तुम्ही घरीच बघू शकता. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा. तेलाचं झाकण काढलं की त्याला पट्टी असते. ती पुसून परत आत घाला. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत झाकण फिरवून बसवायचं नाही, नुसतं टेकवायचं. काढून बघा, तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. काही गाड्यांना पट्टीऐवजी बाजूला काचेची खिडकी असते. खालच्या खुणेला आलं तर त्याच प्रकारचं तेल घाला, पण वरच्या खुणेच्या पुढे नको. दर पंधरा दिवसांनी, गटाची बैठक असेल त्या दिवशी सकाळी बघितलंत तर लक्षात राहील. तेल कमी पडलंय हे सांगणारा दिवा बहुतेक छोट्या गाड्यांत नसतो. गाडी सांगते ती इंजिन जाम झाल्यावर.

तेल काळं झालं म्हणून घाबरू नका, ते आतला मळ धरतंय. पण दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी बुडालेली गाडी किक मारून बघायची नाही, आधी तेल आणि पाणी काढायचं, गॅरेजला दाखवायचं. रोज बोर्लीहून दिवेआगरपर्यंतच जाणारी गाडीही पावसाळ्यात झाकणाखाली पांढरट साय धरते, कारण एवढ्या अंतरात तेल पुरतं तापत नाही आणि ओल आतच राहते. अशा गाडीचे किलोमीटर भरले नसले तरी पावसाळा संपला की तेल बदलून घ्या.

डबा बाजारात घेताना सील बघा, बिल घ्या आणि तेल आपल्यासमोर ओतायला सांगा. रिकामा डबा तिथेच सोडू नका. भरलेला दिसतो तो डबा कधीकधी जुनाच असतो, आत गाळलेलं काळं ऑइल. मी तर आमच्या दुकानातही सांगते, गिऱ्हाइकासमोर डब्याला खिळ्याने भोक पाडायचं.

आणि काढलेलं तेल. आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून ते वाशांना फासतात, कुणी वाडीच्या कडेला ओतून देतात. २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलंय. विहिरीजवळ किंवा सुपारीच्या पाटात ते गेलं तर परत काढता येत नाही, आणि हाताला वारंवार लागणंही वाईट. जुन्या कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि गॅरेजच्या पिंपात नेऊन द्या. आमच्याकडे आणलंत तरी चालेल, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.