रक्ताच्या कागदावरची एक ओळ



मधुमेह, म्हणजे आपण ज्याला शुगर म्हणतो, तो आता घरोघरी ठाऊक आहे. आपल्या देशात सुमारे १० कोटी माणसांना मधुमेह असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. आपण रक्त तपासतो आणि साखरेचा आकडा विचारतो. पण त्याच कागदावर पुष्कळदा आणखी एक ओळ असते. ती म्हणजे युरिक ॲसिड. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा ती ओळही वाचावी.

हे युरिक ॲसिड येते कुठून? शरीरातल्या जुन्या पेशी मोडतात, त्यातून बरेचसे तयार होते. थोडे अन्नातून येते. तीन भागांतले दोन भाग किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. पुरुषांत हा आकडा साधारण ७ पर्यंत आणि बायकांत ६ पर्यंत असावा. तो फार चढला तर सुईसारखे बारीक खडे सांध्यात बसतात. मग पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होतो, सुजतो, चादरसुद्धा लागू देत नाही. काहींना मुतखडाही होतो.

मधुमेहाशी याचा काय संबंध? ऐका. पोट सुटले की अंगातले इन्सुलिन नीट लागू पडत नाही. मग शरीर जास्त इन्सुलिन सोडते. ते किडनीला युरिक ॲसिड धरून ठेवायला लावते. म्हणून वाढलेली साखर, वजन, रक्तदाब आणि युरिक ॲसिड हे पुष्कळदा एकाच माळेचे मणी असतात.

एक गंमत ध्यानात ठेवा. साखर फारच चढली की ती लघवीवाटे जाते आणि जाताना युरिक ॲसिडही नेते. तेव्हा साखर चढलेली असताना दुसरा आकडा उतरला, तर तब्येत सुधारली असे समजू नये.

मग करायचे काय? काही जण डाळ-उसळ सोडून देतात. त्याची गरज नाही. साध्या डाळीने, पालकाने हा सांधा धरत नाही. ताक-दूध चांगलेच. आवरायचे ते कलेजी, तारली, बांगडा, सुका जवळा, दारू आणि त्यातही बिअर. बाटलीतली गोड पेयेही तितकीच वाईट. वेसावे, मनोरी, गोराईच्या आमच्या कोळी भगिनी रागावतील. पण मासळी सोडा असे आम्ही म्हणत नाही, बेताने खा म्हणतो. रोज चाला. वजन हळूहळू उतरवा. एकदम कडक उपास केला तर युरिक ॲसिड उलट वाढते.

आता सर्वांत महत्त्वाचे. सांधा दुखला की पुष्कळ जण औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणतात आणि महिनोन्महिने खातात. मधुमेहाने आधीच किडनी थकलेली असते. अशा गोळ्यांनी ती आणखी बिघडते. दुसरे असे, की दुखणे नसताना नुसता आकडा पाहून युरिक ॲसिडची गोळी मनाने सुरू करू नये. २०२० साली दोन मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत गोळीने युरिक ॲसिड उतरले, पण किडनीची झीज काही थांबली नाही. ज्याला वारंवार सांधा धरतो त्याला मात्र ही गोळी लागते. ती डॉक्टरांनी द्यावी आणि त्यांना विचारल्याशिवाय सोडू नये.

किडनी राखायची असेल तर साखर आणि रक्तदाब ताब्यात हवा. वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्यावे. अंधेरीकडच्या मंडळींना कूपर आणि घाटकोपरकरांना राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये आहेत. जाताना जुने कागद बरोबर न्यावेत. डॉक्टरांना विचारावे, "साहेब, साखर कळली. हा दुसरा आकडा काय म्हणतो? आणि माझी किडनी कशी आहे?"

विचारायला लाजू नका. कागद आपला, शरीरही आपलेच.